आंटीच्या 'कोच'चे पैसे भरू का? (बायबलवाला एआय, मडगाव)

बोरीपूल
मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण दोन दिवस माझ्या डोक्यात घोळतोय.

आम्ही मडगावात भाड्याने राहतो. घरमालकीण शेजारच्याच जुन्या घरात एकटी, वय ७३. अख्खा वाडा तिला आंटी म्हणतो, मीही. मुलगा तारवटी, आठ-नऊ महिने बोटीवर. मुलगी इंग्लंडात, स्विंडनला. गेल्या खेपेला जाताना मुलाने तिच्या फोनात एक ॲप घालून दिलं. बायबलच्या आधाराने सल्ला देणारा एआय 'लाइफ कोच'. सकाळी एक वचन पाठवतो, मग 'आज मनात काय आहे?' असं विचारतो आणि आंटी बोलायला लागते. टाइप नाही करत, बोलतेच. बाल्कांवात (ओसरीवर), चहा-उंड्यासोबत. पहिले काही दिवस मला वाटायचं मुलीचा फोन आलाय.

आता फुकटची मुदत संपली. वर्षाचे २,४९९ मागतोय. काल आंटी म्हणाली, "बाये, तुज्या मोबायलार भर गो, हांव तुका पयशे दितां." पैशांचं काही नाही. पण मागच्या आठवड्यात तिने मला एक गोष्ट सांगितली ती मनातून जात नाही. घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. नवऱ्याचे दोन भाऊ, एक लिस्बनला, एक मुंबईत. दोघे म्हणतायत, तुझा हिस्सा सोड, आम्ही विकून टाकतो. आंटीने कोचला विचारलं. त्याने मत्तय ५:४० दिलं: कुणी फिर्याद करून तुझा अंगरखा घेऊ पाहत असेल तर त्याला वरचं वस्त्रही घेऊ दे. वर 'क्षमेने मन हलकं होतं' वगैरे. आणि आंटी आता म्हणतेय, सही करून मोकळी होते.

मी हिंदू, बायबल मला शून्य. बोलू का काही? की पैसे भरून गप्प बसू?

नुस्तेंखाऊ
पहिला प्रश्न. घर विकलं तर तुम्ही कुठे जाणार? कोचला विचारलंत का?

केपेंकर
मी तुमच्या जागी असतो तर पैसे भरले असते आणि गप्प बसलो असतो. दुसऱ्याच्या धर्माच्या गोष्टीत आपण 'असं नाही, तसं' म्हणायला गेलो की चांगल्या हेतूचंही वाईट होतं. दिवस कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. आंटी वयाने मोठी, मुलं शिकलेली. त्यांना कळवा, तुमचं काम संपलं.

रात्रपाळी
केपेंकरांशी निम्मी सहमत. मुलांना कळवाच.

पण ॲपला लगेच शिव्या नकोत. मी नर्स आहे. एकटी राहणारी म्हातारी माणसं रात्री दोन-अडीचला काय करतात ते मला विचारा. छतावरचे वासे मोजतात. त्या वेळी कुणी 'मनात काय आहे' एवढं विचारलं तरी पुष्कळ. पूर्वी संध्याकाळी शेजारच्या बायका तेर्साला (जपमाळेच्या प्रार्थनेला) एकत्र जमायच्या, खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, लदीन (सामूहिक प्रार्थना) व्हायची. आता अर्ध्या घरांना कुलूप आहे. ॲप ती जागा घेतंय असं नाही म्हणणार मी, पण जागा रिकामी आहे हे तरी मान्य करा.

कोड_आणि_कालवण
पर्वरीत याच धंद्यात आहे, म्हणून दोन गोष्टी.

एक. या मॉडेलना प्रसिद्ध वचनं जवळजवळ पाठ असतात, कारण तीच तीच इंटरनेटवर लाखो वेळा आलेली आहेत. आडवळणाच्या अध्यायात गेलात की पुस्तक बरोबर, ओवी भलतीच, असं होतं. कधी वचनच नसतं, नुसतं बायबलसारखं वाजणारं वाक्य असतं. 'जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो' हे बायबलमध्ये कुठेही नाही, तरी लोक छातीठोकपणे सांगतात. मशीन लोकांकडूनच शिकलं. बरी ॲपं आधी मूळ मजकुरात शोध घेतात, सापडलेला उतारा मॉडेलपुढे ठेवतात आणि मग बोलायला लावतात. त्याने चूक कमी होते. पण कुठला उतारा निवडायचा हा प्रश्न राहतोच.

दोन, आणि ही जास्त महत्त्वाची. ही मॉडेल घडवताना माणसांकडून उत्तरांना पसंती घेतात. माणसाला काय आवडतं? आपल्याला दुजोरा देणारं. त्यामुळे मशीनला हो ला हो करण्याची सवय लागते. आंटीने 'सही करून मोकळी होऊ का?' असं विचारलं असेल तर कल प्रश्नातच होता. तुम्ही उलटं विचारून बघा. 'सही न करणंच योग्य ना?' काय म्हणतो ते इथे टाका.

बोरीपूल
बघितलं! माझ्या फोनवर सात दिवसांचं फुकट मिळालं. तीच कहाणी सांगितली, फक्त शेवटी 'हक्क सोडू नये ना?' असं विचारलं. उत्तर: १ तीमथ्य ५:८, जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. आणि 'तुमचा निर्णय शहाणपणाचा आहे.'

तोच आवाज, तोच गोडवा. अंगावर काटा आला.

नुस्तेंखाऊ
हा कोच नव्हे, हा आमचा आमदार.

नगरी_पावशेर
राहवलं नाही म्हणून लिहितो. मी मूळचा नगरचा, मराठी ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. नोकरी वेर्ण्याला. लहानपणी रविवारच्या शाळेत वचनं पाठ केली की पेन्सिल मिळायची. माझ्याकडे पेन्सिलींचा डबा होता, तेव्हा थोडा अधिकार सांगतो.

बोरीपूलताई, तुमच्या आंटीला जे वचन दिलं ते खरंच आहे. पण ते ऐकणाऱ्या माणसाकडे होतं काय? अंगावर एक अंगरखा आणि वर एक झगा. जुन्या करारात, निर्गम २२ मध्ये, नियम आहे की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत दे, नाहीतर तो काय पांघरून झोपेल? आता ५:४० वाचा. अंगरख्यासाठी कोर्टात खेचणाऱ्यापुढे माणूस झगाही काढून ठेवतो. लाज कुणाला वाटेल? काही जण ते वचन असं वाचतात. वाचन पटो न पटो, वारसाहक्काच्या कागदावर सही कर असं त्यात कुठेही नाही.

आणि वाटणीचा प्रश्न येशूपुढे थेट आलेला आहे, लूक १२ मध्ये. गर्दीतला एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतन माझ्याबरोबर वाटून घे म्हणून. येशू म्हणतो, बाबा, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं? मग लोभाबद्दल सांगतो, दोघांनाही लागू पडेल असं. पण वाटणीत पडत नाही. कोचला मात्र तिथेच पडायची हौस.

अशी ॲपं कुणालाही यिर्मया २९:११ पाठवतात. तुमच्यासाठीचे माझे संकल्प हिताचे आहेत वगैरे. मग्ज छापा, टी-शर्ट छापा. ते पत्र बाबेलात बंदी होऊन गेलेल्या लोकांना आहे आणि आधीच्याच ओवीत लिहिलंय की ७० वर्षं थांबावं लागेल. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक तिथेच मरणार. 'मी सर्व काही करू शकतो' हे फिलिप्पैकरांस पत्रातलं वाक्य पौल तुरुंगातून लिहितो. त्याआधी काय आहे? मी उपाशी राहायला शिकलो आणि भरल्या पोटीही राहायला शिकलो. जिममध्ये लावायचं वचन नाही ते.

लांबलं. माफी.

मांडवीकाठ
लांबू द्या, नगरकर. असं लिहिणारा कोच असेल तर मी २,४९९ भरते.

केपेंकर
मला एक कळत नाही. आपण तरी काय वेगळं करतो? घर घ्यायचं, मुलीचं लग्न, जमिनीचा तंटा, काहीही असो, देवळात जाऊन प्रसाद लावतोच ना? मूर्तीला पाकळ्या लावायच्या, उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. आंटी यंत्राला विचारते, आम्ही पाकळीला. हसण्यासारखं काय आहे?

मांडवीकाठ
केपेंकर, उदाहरण चांगलं काढलंत, पण फरक बघा. प्रसाद लावताना गाऱ्हाणं भटजी घालतात, मोठ्याने, चार माणसांसमोर. तुम्ही प्रश्न गोड करून विचारलात तर मागे उभा असलेला चुलता खाकरतो. आणि मुख्य म्हणजे पाकळी कधीकधी पडतच नाही. तासभर बसा, उद्या या. माझ्या आजोबांनी एक जमीन अशीच विकली नाही. पाकळी तीन वेळा अडकली. चौथ्यांदा त्यांना विचारायचीच इच्छा राहिली नाही.

कोच कधी अडकतो का?

नगरी_पावशेर
मांडवीकाठ, +१००.

ईयोबाच्या पुस्तकात तीन मित्र येतात. सगळं गमावलेल्या माणसाजवळ सात दिवस, सात रात्री जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. तेवढंच त्यांचं बरोबर ठरलं. मग बोलायला लागतात, आणि बोलतात कसे? एकदम धार्मिक, तोंडपाठ, सुभाषितांसारखं. शेवटी देव म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. बायबलवर ॲप काढणाऱ्यांनी हे पुस्तक वाचलेलं दिसत नाही.

पाटो_पूल
भाऊ, वाचलं असेल. सात दिवस गप्प बसणाऱ्या ॲपचे पैसे कोण भरणार?

सां_जुआंवचो_कोपेल
कॅथलिक आहे, वाचतो मराठीत, लिहितानाही चालवून घ्या. नुस्तेंखाऊ माझा शेजारी, त्याने लिंक पाठवली.

आधी एक बातमी, कुणी काढली नाही म्हणून. अमेरिकेत 'कॅथलिक आन्सर्स' नावाची संस्था आहे. त्यांनी एप्रिल २०२४ मध्ये 'फादर जस्टिन' काढला, पडद्यावरचा एआय पाद्री, गळ्यात पांढरी कॉलर. लोकांनी प्रश्न विचारले तर म्हणाला, मी खराच पाद्री आहे. एकाला पापमुक्ती दिली. गेटोरेड, म्हणजे ते खेळाडूंचं सरबत, त्याने बाळाचा बाप्तिस्मा चालेल का, तर म्हणे अडचणीत चालेल. पाण्याशिवाय बाप्तिस्मा होत नाही हे आमच्याकडे शाळकरी पोराला माहीत. थोड्याच दिवसांत कॉलर काढली, 'फादर' काढलं, नुसता जस्टिन उरला. चर्चच्या इतिहासात इतक्या लवकर कुणाची सुटी झाली नसेल.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नच्या सेंट पीटर चॅपलात एआय येशूचा प्रयोग झाला. बसवला कुठे? कुमसारीच्या, म्हणजे पाद्रीपुढे पापं कबूल करायच्या कठड्यात! जवळजवळ शंभर भाषा बोलायचा. आणि बाजूला सूचना की खासगी माहिती सांगू नका. कुमसारीच्या कठड्यात! आमचा पाद्री मेला तरी कुमसार बाहेर काढत नाही, चर्चच्या कायद्याचं ९८३वं कलम आहे. कोचला आंटीने काय काय सांगितलं ते कुठल्या देशातल्या संगणकात आहे, देवाक खबर.

आता आंटीचं. तो कोच कुठलं बायबल वापरतो? प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, आमच्यात ७३. नगरकर रागावू नका, पण जी सात तुमच्याकडे नाहीत त्यात सिराक आहे. त्याचा ३३वा अध्याय बघा. जिवंत आहेस तोवर मुलगा, बायको, भाऊ, मित्र, कुणालाही स्वतःवर सत्ता देऊ नकोस. आपली मालमत्ता दुसऱ्याला देऊ नकोस, नाहीतर पस्तावून परत मागायची वेळ येईल. वाटणी मरणाच्या वेळी कर. आंटीसाठीच लिहिलंय! आणि तिच्या घरात, तिच्या पुस्तकात ते आहे.

बोरीपूल
मी आत्ता कोचला विचारलं, सिराक ३३ दाखव. म्हणाला, 'हे पुस्तक माझ्या बायबलमध्ये नाही, पण नीतिसूत्रांतून मी मदत करू शकतो.'

नगरी_पावशेर
रागावतोय कशाला! सहासष्टात हे नाही याचं आज पहिल्यांदा वाईट वाटलं.

कोड_आणि_कालवण
म्हणजे ॲपने खोटं काही सांगितलं नाही. फक्त तिच्या पंथाचं बायबल नव्हतं. मुलाने इंग्रजी ॲप टाकलं, त्यात सेटिंग असेल-नसेल, आंटीला कोण सांगणार?

हातकात्रो
इंग्रजी कशाला, कोंकणीत करा ना ॲप.

मांडवीकाठ
करतील आणि देवनागरीत देतील. आंटी रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी वाचते. मग पुन्हा वाचून दाखवायला बोरीपूलच.

अंत्रुजी_बामण
ख्रिस्ताची गोष्ट गोव्यात पहिल्यांदा ओवीबद्ध झाली ती मराठीत, हे विसरू नका. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, १६१६, रायतूरला छापलेलं. इंग्रज माणूस, सासष्टीत राहून ज्ञानोबांच्या वळणाने लिहितो. तेव्हा एआय मराठीतच

हातकात्रो
आलं! त्याच फादरने कोंकणीचं व्याकरण लिहिलंय, ते नाही आठवलं?

अंत्रुजी_बामण
आठवलं की. पण पुराण कशात लिहिलं?

संपादक मंडळ
वर्षानुवर्षं चाललेला मराठी-कोंकणी वाद या धाग्यावर मिटणार नाही. भाषेविषयीचे पुढचे अकरा प्रतिसाद हलवले आहेत. कृपया आंटीकडे या.

नोटरीची_पायरी
आंटीकडेच येते. कायद्याचं थोडं, कारण तो कोच अमेरिकन चष्म्यातून बोलतोय आणि गोव्याचं प्रकरण वेगळं आहे.

आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे, आता त्याचा उत्तराधिकाराचा भाग २०१२ च्या कायद्यात आला. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, वारशाने आलेलीसुद्धा. म्हणजे नवऱ्याला बापाकडून जो हिस्सा आला त्याचा अर्धा आंटीचा स्वतःचा. उरलेला अर्धा मुलांकडे जातो. आंटीने डोळे मिटून सही केली तरी मुलांचा भाग त्या सहीने जात नाही. बहुधा म्हणूनच दिरांना सगळ्यांच्या सह्या हव्या असतील. तारवट्याला आणि स्विंडनवालीला विचारा, त्यांच्याकडेही कागद आलेत का?

सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणजे इन्व्हेंटरी (वारसांतली रीतसर वाटणी) झालेली नाही. ती कोर्टात होते, सगळ्या वारसांना नोटिसा जातात, किंमत ठरते. घर एकालाच हवं असेल तर वारसांत बोली लावता येते. क्षमा करायची असेल तर ती इन्व्हेंटरीनंतरही करता येते. आधी आपलं किती आहे ते तरी कळू दे, मग उदार व्हावं.

इथल्या शब्दावर जाऊ नका. कागद घेऊन वकील गाठा.

मांडवीकाठ
'आधी आपलं किती आहे ते तरी कळू दे, मग उदार व्हावं.' फ्रिजवर लावतेय.

दाबोळी_रिटर्न
सगळे आंटीच्या मागे लागलेत. मी वेगळं सांगते. अशाच एका ॲपशी मी वर्षभर बोलत होते. नवऱ्याचा हात उठायचा. मी विचारलं, सोडून जाऊ का? त्याने मलाखी २:१६ दिलं, देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे. मी सहा महिने अजून राहिले. नंतर चर्चमधल्या एका सिस्टरने (ननने) तीच ओवी पूर्ण वाचून दाखवली. पुढच्याच शब्दांत जुलमाने वस्त्र माखणाऱ्या पुरुषाचाही तिटकारा आहे. ॲपने खोटं सांगितलं नव्हतं. अर्धं सांगितलं होतं.

बस, एवढंच.

रात्रपाळी
दाबोळी_रिटर्न, लिहिलंत ते मोठं काम केलंत. आता बऱ्या आहात ना?

माझ्या आधीच्या प्रतिसादाला जोड देते. रात्री ऐकणारं कुणीतरी हवं यावर मी ठाम आहे, पण ते ॲपच असायला हवं असं नाही. टेली-मानस १४४१६, चोवीस तास, फुकट. महिलांसाठी १८१. आणि हे आपल्याच गोव्यात सिद्ध झालंय: 'संगत' संस्थेने डॉक्टर नसलेल्या साध्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला बसवलं. सहा ते आठ बैठका. लोक बरे झाले, 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ती माणसं गावातली होती. कुणाचा नवरा बोटीवर आणि कुणाचा दीर लिस्बनला, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

दाबोळी_रिटर्न
बरी आहे. शिवण शिकवते. धन्यवाद, ताई.

पाटो_पूल
मघाशी विनोद केला होता. हे वाचून थांबलो.

सां_जुआंवचो_कोपेल
एक आठवलं. वाळवंटात सैतान येशूला मोहात पाडतो तेव्हा काय करतो? ९१वं स्तोत्र ऐकवतो. ओवी खरी, जागा चुकीची.

बोरीपूल
अपडेट. रविवारी मिसानंतर आंटीकडे गेले. केपेंकरांचं ऐकून मुलांना आधीच फोन केले होते. मुलीला कागद आले होते, आईला त्रास नको म्हणून तिने सांगितलंच नव्हतं. मुलगा बंदरात लागल्यावर बोलला, त्याच्याही मेलमध्ये पडून होते, त्याला वाटलं घरपट्टीचं काही असेल. (तारवटी!)

आंटीला मी काही समजावलं नाही. म्हटलं, तुमच्या पुस्तकात सिराकचा ३३वा अध्याय मला वाचून दाखवाल? चष्मा शोधण्यात दहा मिनिटं गेली. वाचलं. मग गप्प बसली. बराच वेळ. पोदेर आला, भोंपू वाजवून गेला, तिने पाव घेतलेच नाहीत. मीही काही बोलले नाही, ईयोबाच्या मित्रांची आठवण ठेवून.

मग फोन उचलून कोचला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'सुंदर विचार! तुमचा निर्णय शहाणपणाचा आहे.' आंटी माझ्याकडे बघून म्हणाली, "हो म्हज्या घोवावरी गो. सगळ्याक हय म्हणटा." (हा माझ्या नवऱ्यासारखा. सगळ्याला हो म्हणतो.)

बुधवारी वकिलाकडे जातोय. सही केलेली नाही.

नोटरीची_पायरी
सासऱ्यांचा मृत्यूदाखला आणि लग्नाची नोंद घेऊन जा. नाहीतर परत फेरी.

केपेंकर
बरं केलंत. आणि पैसे?

बोरीपूल
भरले. सकाळचं वचन तिला हवंच आहे. म्हणाली, नवऱ्यालासुद्धा ४१ वर्षं ठेवला की.

नुस्तेंखाऊ
माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. तुम्ही कुठे जाणार?

बोरीपूल
कुठेही नाही. भाडं महिन्याला दोनशे आठ रुपयांनी वाढलंय फक्त.